जग बुडालं, पण चहा मिळेल का?

घर गेलं, गाव गेलं, अख्खी पृथ्वीच गेली. उरला एक ड्रेसिंग गाउन आणि मित्राचा टॉवेल! डग्लस अ‍ॅडम्सच्या आर्थर डेंटशी दोस्ती करायची वेळ आलीय. खास करून तुमचं स्वतःचं जग सध्या जरा डळमळीत असेल तर...

गुरुवारची सकाळ. आदल्या रात्रीची अजून उतरलेली नाही. दात घासता घासता खिडकीबाहेर बघावं, तर दारात बुलडोझर! चौकशी केल्यावर कळतं, की इथून बायपास जाणार आहे आणि तुमचं घर नेमकं मधे येतंय. 'पण मला कुणी कळवलंच नाही,' असं म्हणायची सोय नाही. नोटीस लावली होती की! कुठे? तर प्लॅनिंग ऑफिसच्या तळघरात. तिथले दिवे गेलेले, जिनाही गेलेला. बंद पडलेल्या संडासात एक कुलूपबंद कपाट, त्याच्या तळाशी ती नोटीस आणि दारावर बिबळ्यापासून जपून राहण्याची पाटी!

हसू आलं ना? आणि पाठोपाठ आपल्याकडचं एखादं ऑफिस, एखादी खिडकी, 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्यही आठवलं असेल.

हा प्रकार घडतो आर्थर डेंट नावाच्या एका इंग्लिश माणसाच्या बाबतीत. पण खरी गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी आकाशात प्रचंड मोठी पिवळी यानं येऊन थांबतात आणि जाहीर करतात, की अंतराळातून एक एक्स्प्रेस वे जाणार आहे, पृथ्वी मधे येतेय, सबब ती पाडण्यात येत आहे. आराखडे गेली पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरीच्या ऑफिसात बघायला ठेवले होते. तेव्हा आता रडारड करून उपयोग नाही! आणि मग पृथ्वी खलास. पुस्तक अजून धड सुरूही झालेलं नसतं.

त्या पुस्तकाचं नाव 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी'. लेखक डग्लस अ‍ॅडम्स. १९७९ साली आलेली ही कादंबरी दुकानात 'सायन्स फिक्शन'च्या कप्प्यात असते आणि तिथेच गोची होते. रॉकेट, एलियन, फिजिक्स... नको रे बाबा, म्हणून आपल्यातले निम्मे लोक त्या कप्प्याकडे फिरकतच नाहीत. पण हे पुस्तक रॉकेटचं नाहीच मुळी. हे आहे तुमच्या-माझ्यासारख्या एका माणसाचं. आज आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय याची ज्याला सकाळी काडीचीही कल्पना नव्हती, अशा माणसाचं.

हीरो? छे हो!

आर्थर तिशीचा. स्थानिक रेडिओत नोकरी. आपलं काम वाटतं त्यापेक्षा बरंच इंटरेस्टिंग आहे, असं तो मित्रांना सांगत असतो. (आपणही सांगतोच की!) त्याला वैताग येतो तो एकाच गोष्टीचा. 'तू एवढा काळजीत का दिसतोस?' असं जो तो त्याला विचारतो. चेहराच तसा, त्याला तो तरी काय करणार?

त्याचा एक मित्र आहे, फोर्ड प्रीफेक्ट. आपण गिल्डफर्डचे, असं हा सांगतो. प्रत्यक्षात तो बीटलज्यूस ताऱ्याच्या आसपासच्या कुठल्याशा ग्रहावरचा. आला होता थोड्या दिवसांसाठी, अडकला पंधरा वर्षं. माणसांत मिसळून जावं म्हणून त्याने आपल्या मते अगदी सर्वसाधारण नाव घेतलं आणि ते निघालं एका मोटारगाडीचं! इकडे कुणी 'प्रीमियर पद्मिनी' असं नाव लावून हिंडावं, तसंच. पृथ्वी पाडली जाणार हे फोर्डला थोडं आधी कळतं. तो आर्थरला ओढत पबमध्ये नेतो, सहा पाइंट बिअर मागवतो आणि मग पृथ्वी पाडायला आलेल्या यानातूनच दोघं फुकट लिफ्ट घेऊन सटकतात.

आता, साधा माणूस परक्या जगात जाऊन पडला की काय होतं, याचा एक ठरलेला फॉर्म्युला आहे. एडगर राइस बरोजचा जॉन कार्टर मंगळावर पोचतो. तिथलं गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे त्याच्या अंगात अचाट ताकद येते. लढाया जिंकतो, राजकन्या मिळवतो. पुढे सिनेमांनी हाच फॉर्म्युला घोटून घोटून आपल्याला पाजला. म्हणजे काय, तर तुम्ही इथे कुणी नसलात तरी हरकत नाही, तिकडे कुठेतरी तुमची वाट बघतायत!

आर्थरची कुणीही वाट बघत नसतं. त्याला कसली शक्ती मिळत नाही, कुठली भविष्यवाणी त्याच्याबद्दल झालेली नसते. दोन डोक्यांचा, तीन हातांचा झेफॉड बीबलब्रॉक्स हा आकाशगंगेचा राष्ट्राध्यक्ष त्याला माकडमाणूस समजतो. पहिली कादंबरी संपते तेव्हाही आर्थर तितकाच गोंधळलेला असतो, जितका सुरुवातीला होता. फक्त जिवंत असतो. आणि अ‍ॅडम्सच्या मते हेही काही कमी नाही.

मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत आठवतील. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले हे इतिहासाचे प्राध्यापक एका अशा जगात जाऊन पोचतात, जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. हीरो तेही नाहीत. पण पंत पडले अभ्यासू. ते सरळ लायब्ररी गाठतात आणि इतिहासाची गाडी नेमकी कुठे वळली, ते पुस्तकांत शोधतात. आर्थर मात्र चहा शोधतो!

हसू नका. चहावर मी पुन्हा येणार आहे.

रांगेतला अनोळखी माणूस

या विनोदी पुस्तकात एक पान असं आहे, जिथे माझं हसू दर वेळी थांबतं. पृथ्वी गेली, हे फोर्डने आर्थरला सांगितलंय. आर्थर ते मनात उतरवायचा प्रयत्न करतो. आईवडील गेले, बहीण गेली. आत काहीच हलत नाही. जवळची सगळी माणसं गेली. तरी नाही. मग त्याला आठवतो दोन दिवसांपूर्वी सुपरमार्केटच्या रांगेत पुढे उभा असलेला एक पूर्ण अनोळखी माणूस. आणि काळजात चर्रर होतं. तो माणूस नाही. ते सुपरमार्केटच नाही. इंग्लंड नाही हे त्याला झेपत नाही, म्हणून तो अमेरिकेपासून सुरुवात करून बघतो. न्यूयॉर्क गेलं. ठीक. बोगार्टचे सिनेमे गेले. इथे एक धक्का. आणि मग लक्षात येतं, की मॅकडोनल्ड्सचा बर्गर आता कुठेच मिळणार नाही. तिथे तो बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तो आईच्या आठवणीने हुंदके देत.

एका बर्गरचं दुःख? कुणाला हा नुसता विनोद वाटेल. माझ्या मते इतकं खरं दुःख भल्याभल्या गंभीर कादंबऱ्यांनाही जमलेलं नाही.

का, ते सांगते. माझी पहिली पर्मनंट नोकरी गेली ती एका व्हिडिओ कॉलवर. आमची अख्खी टीमच बंद झाली. कॉल वीस मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं 'तुमचा आवाज येत नाहीये' यात गेली. कॉल संपल्यावर मी एकदम कूल. पीएफचे कागद, सीव्ही, लॅपटॉप परत करायचा, घरभाड्याचं गणित, सगळं व्यवस्थित चालू होतं. मैत्रिणी म्हणाल्या, 'काय गं, किती स्ट्राँग आहेस तू!' चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता मी चहा टाकला आणि एकदम आठवलं, ऑफिसात याच वेळेला चहाचा ट्रे घेऊन काका यायचे. सगळ्यांचे कप डावीकडून, माझा एकटीचा उजव्या कोपऱ्यात. 'ताई, तुमचा बिनसाखरेचा.' दोन वर्षं रोज. मला त्यांचं आडनावही माहीत नव्हतं. आणि आता तो कोपरा नाही, तो कप नाही.

मग मात्र जे रडू फुटलं, ते थांबेना. आईने स्वयंपाकघरात डोकावून बघितलं. काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, 'आज साखर घालू का थोडी?'

पगार गेला त्याचं दुःख डोक्याला कळलेलं होतं. चहाचं दुःख थेट पोटात उतरलं. अ‍ॅडम्सला नेमकं हेच ठाऊक होतं. जग बुडालं, हे वाक्य कुणाच्याच मनात मावत नाही. त्यातला एखादा कप, एखादी रांग, एखादं दुकान तेवढं मावतं. शहर सोडलेल्या, घर पाडून टॉवर होताना बघितलेल्या, ब्रेकअप झालेल्या कुणालाही विचारा. माणूस रडतो तो कुठल्यातरी फडतूस गोष्टीवरच. कारण आपलं जग मुळात फडतूस गोष्टींचंच बनलेलं असतं.

इन्सब्रुकच्या शेतात

अ‍ॅडम्स स्वतःही काही फार बस्तान बसलेला माणूस नव्हता. जन्म १९५२ चा, केंब्रिजचा. त्याने सांगितलेली गोष्ट अशी, की १९७१ साली तो युरोपात लोकांकडे लिफ्ट मागत भटकत होता. एका रात्री ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळ शेतात पडला होता, बऱ्यापैकी पिऊन. जवळ होतं 'हिच-हायकर्स गाइड टू युरोप' हे फुकट भटकणाऱ्यांसाठीचं पुस्तक. वर चांदणं. मनात आलं, आकाशगंगेसाठीही कुणीतरी असं पुस्तक लिहायला हवं! पुढे तो म्हणायचा, की हा किस्सा इतक्यांदा सांगितलाय की मूळ प्रसंग आता आठवतच नाही, सांगितलेलंच आठवतं.

ती कल्पना आधी आली रेडिओवर. ८ मार्च १९७८ ला बीबीसी रेडिओ फोरवर पहिला भाग लागला, तोही रात्री साडेदहाला. अशा वेळी ऐकणार कोण? पण लोकांनी ऐकलं आणि एकमेकांना सांगितलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कादंबरी आली आणि पहिल्या तीन महिन्यांतच तिच्या अडीच लाख प्रती खपल्या.

आणि डेडलाइन? ऐका. पहिली कादंबरी इतकी लांबली, की प्रकाशकांनी शेवटी सांगितलं, आता जे पान लिहितोयस तेवढं संपव, आम्ही माणूस पाठवतोय न्यायला. ती कादंबरी अधेमधेच संपल्यासारखी का वाटते, याचं कारण हे! १९८४ मध्ये आलेल्या चौथ्या पुस्तकाच्या वेळी तर हद्द झाली. तेव्हाचे त्याचे प्रकाशक सनी मेहता, म्हणजे मूळचे आपल्याच देशातले, पुढे अमेरिकेतल्या प्रकाशनविश्वातलं बडं प्रस्थ झाले ते. त्यांनी हॉटेलात एक सूट घेतला, अ‍ॅडम्सला आत बसवलं आणि स्वतःही तिथेच मुक्काम ठोकला. लिही, मगच सोडतो! तुमचा बॉस परवडला म्हणायचा.

अशा माणसाच्या हातून व्होगॉन उतरले यात नवल नाही. पृथ्वी पाडणारे हे एलियन. ते क्रूर नाहीत, दुष्टही नाहीत. ते आहेत क्लार्क. सख्खी आजी राक्षसी जनावराच्या तोंडात सापडली तरी तीन प्रतींत सही-शिक्क्याचा हुकूम मिळेपर्यंत ते जागचे हलणार नाहीत. या पुस्तकात जग संपतं ते महायुद्धाने नाही की कुणा खलनायकाच्या अट्टहासाने नाही. फाइल पुढे सरकते आणि जग संपतं, बस! आपल्या आयुष्यातली बरीच जगं अशीच संपतात, नाही का? कुणाचा राग नसतो तुमच्यावर. तुम्ही फक्त मधे येत असता.

४२ आणि एक टॉवेल

'४२' हा आकडा तुम्ही टी-शर्टवर पाहिला असेल. त्याची गोष्ट याच पुस्तकातली. अतिबुद्धिमान प्राणी 'डीप थॉट' नावाचा महाप्रचंड कॉम्प्युटर बांधतात आणि जीवन, विश्व वगैरे सगळ्याचं अंतिम उत्तर विचारतात. तो पंचाहत्तर लाख वर्षं गणित करतो आणि सांगतो, ४२. सगळे थक्क! तो म्हणतो, उत्तर बरोबर आहे, पण मुळात तुमचा प्रश्न काय होता हेच तुम्हाला माहीत नाही. मग तो प्रश्न शोधण्यासाठी आणखी मोठा कॉम्प्युटर बांधला जातो. त्याचंच नाव पृथ्वी. आणि हिशेब पुरा व्हायला पाच मिनिटं उरलेली असताना व्होगॉन येऊन ती पाडतात!

या ४२ मागे लोकांनी काय काय शोधलं. बायनरी, धर्मग्रंथ, गुप्त सूत्रं. अ‍ॅडम्सने साफ सांगितलं, की तो विनोद होता, त्यासाठी एक साधा, लहानसा आकडा हवा होता, तो निवडला. विषय संपला. गंमत म्हणजे अप्रेझलचं रेटिंग हातात पडलं की मला हाच कॉम्प्युटर आठवतो. उत्तर आलंय हो, पण प्रश्न काय होता?

मग या अशा विश्वात टिकायचं कसं? पुस्तकाच्या आत जे पुस्तक आहे, ते 'गाइड', त्याचा सल्ला मोठमोठ्या गोष्टींचा नाही. त्याच्या कव्हरवर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'डोन्ट पॅनिक'. बाकी विश्वकोशांपेक्षा ते जास्त खपतं, त्याचं हे एक कारण आणि किंमत कमी हे दुसरं! आणि त्या गाइडचा लाडका सल्ला म्हणजे टॉवेल जवळ ठेवा. थंडीत पांघरा, उन्हात अंथरा, भिजवून हाणामारीत वापरा. आणि स्वच्छ राहिला असेल तर अंगही पुसा. शिवाय ज्याच्याकडे टॉवेल आहे त्याच्याकडे बाकी सगळं असणारच, असं समोरच्याला वाटतं आणि तो बाकीचं उसनं देतो!

हा विनोद लोकांनी किती मनावर घेतला बघा. ११ मे २००१ ला अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियात हार्ट अटॅकने गेला, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी. दोनच आठवड्यांनी, २५ मेला चाहत्यांनी खांद्यावर टॉवेल टाकून त्याची आठवण काढली. तेव्हापासून दर वर्षी २५ मे हा 'टॉवेल डे'. त्याच्या मृत्यूच्या दोनच दिवस आधी एका लघुग्रहाला 'आर्थरडेंट' हे नाव मिळाल्याचं जाहीर झालं होतं. आणि २०१८ मध्ये इलॉन मस्कने आपली टेस्ला गाडी अंतराळात सोडली, तेव्हा तिच्या डॅशबोर्डच्या स्क्रीनवर शब्द होते, 'डोन्ट पॅनिक'.

टोस्टर नाही जमला, सँडविच जमलं

आता चहा! अंतराळयानातल्या मशीनकडे आर्थर चहा मागतो. मशीन त्याच्या जिभेची, मेंदूची, पचनाची तपासणी करतं आणि जे काही देतं, ते चहाच्या जवळपासही फिरकत नाही. (व्हेंडिंग मशीनवाले ऐकताय ना?) दुसऱ्या पुस्तकात आर्थर वैतागून त्या मशीनला चहा म्हणजे काय हे बसून समजावतो. भारत, चीन, सिलोन, उन्हात वाळणारी पानं, चांदीच्या किटल्या, सगळं. मशीनला ते इतकं अवघड जातं, की यानाचा मुख्य कॉम्प्युटर मदतीला घ्यावा लागतो. नेमका तेव्हाच व्होगॉनांचा हल्ला होतो आणि कॉम्प्युटर बिझी. चहा करतोय! शेवटी आर्थरला खरा चहा मिळतो. सगळ्या मालिकेत त्याला मिळालेला हा बहुधा सगळ्यात निखळ आनंद.

पण माझा लाडका आर्थर आहे पाचव्या पुस्तकातला, 'मोस्टली हार्मलेस'मधला. १९९२ सालचं हे पुस्तक. इथे तो लॅम्युएला नावाच्या एका मागासलेल्या ग्रहावर जाऊन पडतो. प्रगत जगातून आलेला माणूस! त्याला वाटतं, आता मी यांना मोटारगाड्या, कॉम्प्युटर, काय काय शिकवीन. आणि मग लक्षात येतं, की यातलं काहीच कसं बनतं हे आपल्याला माहीत नाही. साधा टोस्टरसुद्धा आपल्याच्याने होणार नाही. येऊन जाऊन सँडविच तेवढं येतं. मग तो सँडविच करतो. ब्रेड कसा कापायचा, सुरी कशी धरायची यात जीव ओततो. गावकऱ्यांसाठी तो मोठा मानाचा माणूस होतो, सँडविचवाला. पदरी पडलं आणि पवित्र झालं!

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या थॉमस थ्वेट्स या डिझायनरने ही टोस्टरची गोष्ट मनावर घेतली. दुकानातला स्वस्तातला टोस्टर त्याने उकलला आणि तसाच अगदी शून्यापासून बनवायला निघाला. म्हणजे लोखंडाचं खनिज आणून ते वितळवण्यापासून! नऊ महिने गेले, हजारावर पाउंड गेले. तयार झालेला टोस्टर विजेला जोडल्यावर काही सेकंदांतच आतून वितळायला लागला. २०११ मध्ये त्याचं 'द टोस्टर प्रोजेक्ट' हे पुस्तक आलं.

आपल्या सीव्हीवर काय काय लिहिलेलं असतं! स्टेकहोल्डर मॅनेजमेंट, क्लायंट सर्व्हिसिंग, स्ट्रॅटेजी. उद्या लॅम्युएलावर पडलो तर यातलं काय चालेल? हा प्रश्न मी मैत्रिणींच्या एका ग्रुपमध्ये टाकला. एक सीए आहे, ती म्हणाली, 'मी लोणचं घालीन.' एक टेस्टर, ती म्हणाली, 'मला सायकलचं पंक्चर काढता येतं.' एकीने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, 'मी लहान मुलांना झोपवू शकते. कुठल्याही.' सगळ्यात भारी उत्तर तिचं होतं. तिच्या सीव्हीत ते कुठेही नाही.

डॉल्फिन खरंच गेले

हे सगळं वाचून अ‍ॅडम्स नुसता थट्टेखोर वाटत असेल, तर त्याचं एक वेगळं पुस्तक सांगते. 'लास्ट चान्स टू सी', १९९०. प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवर्डाइनबरोबर तो जगभर हिंडला, नाहीसे होऊ घातलेले प्राणी बघत. म्हणजे काल्पनिक पृथ्वी हसत हसत पाडणारा हा माणूस खरी पृथ्वी कुठे कुठे ढासळतेय, ते स्वतः जाऊन बघत होता.

चीनमध्ये ते गेले यांगत्से नदीतल्या 'बायजी' या डॉल्फिनसाठी. गढूळ पाण्यात राहून राहून हा प्राणी जवळजवळ आंधळा, आवाजावर वाट काढणारा. आणि नदीत बोटींची प्रचंड वर्दळ. पाण्याखाली त्याला काय ऐकू येत असेल? ते रेकॉर्ड करायचं होतं, पण पाण्यातला मायक्रोफोन नव्हता. मग मायक्रोफोन कंडोममध्ये घालून पाण्यात सोडायचं ठरलं आणि शांघायमध्ये कंडोम शोधायला ही मंडळी दुकानं पालथी घालत फिरली. हा सगळा प्रसंग वाचताना हसून हसून मुरकुंडी वळते. मग मायक्रोफोन पाण्यात जातो आणि हेडफोनमध्ये ऐकू येतो फक्त एक अखंड कर्कश गोंगाट. एका आंधळ्या प्राण्याला चोवीस तास तोच ऐकायचा होता.

'हिचहायकर'मधल्या डॉल्फिनना पृथ्वी पाडणार हे आधीच कळलेलं असतं. ते माणसांना सावध करू बघतात, माणसं त्याला कसरती समजून टाळ्या वाजवतात आणि मग डॉल्फिन आपले निघून जातात. चौथ्या पुस्तकाचं नावच आहे त्यांचा निरोप, 'सो लाँग, अँड थँक्स फॉर ऑल द फिश'. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी यांगत्से नदी सहा आठवडे शोधली. एकही बायजी सापडला नाही. अ‍ॅडम्स तोवर जाऊन पाच वर्षं झाली होती.

पण त्याच पुस्तकात न्यूझीलंडचा काकापोही आहे, उडता न येणारा गुबगुबीत पोपट. १९९५ मध्ये ते फक्त ५१ उरले होते. माणसांनी एकेका पक्ष्याला नाव दिलं, एकेक अंडं जपलं. २०२२ मध्ये ते २५२ झाले. सगळं जग कुणालाच वाचवता येत नाही. पण एकेक अंडं? तेवढं जमतं. सँडविचसारखंच.

म्हणून हे पुस्तक मी सायन्स फिक्शनच्या कप्प्यातून काढून वेगळ्याच कप्प्यात ठेवलंय. डोकेदुखीच्या गोळ्या आणि बँड-एडच्या शेजारी. घर बदलणाऱ्या, नोकरी गेलेल्या, नव्या शहरात एकटं वाटणाऱ्या प्रत्येकाला मी ते देते. 'सगळं ठीक होईल' असं खोटं ते सांगत नाही. जग खरंच जाऊ शकतं, तेही एका फाइलमुळे. पण त्यानंतरच्या दुपारीही चार वाजतात. आणि चार वाजले की चहा टाकावा लागतो.

सुरुवात कुठून कराल?

• पहिलं पुस्तक आधी, आणि ते एकटंच. दोन वीकेंडमध्ये आरामात होतं. सायन्स येत नाही? उत्तमच, आर्थरलाही येत नव्हतं.

• आवडलं तर लगेच दुसरं, 'द रेस्टॉरंट अ‍ॅट द एंड ऑफ द युनिव्हर्स' (१९८०). चहाचा प्रसंग याच्यात आहे.

• ऐकायची आवड असेल तर मूळ रेडिओ मालिका. सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली. सायमन जोन्सचा आर्थर कानात बसतो.

• २००५ चा सिनेमा मार्टिन फ्रीमनसाठी बघा. पण पुस्तकानंतर.

• पाचवं 'मोस्टली हार्मलेस' मूड चांगला असताना वाचा. शेवट कडू आहे.

• 'लास्ट चान्स टू सी' ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये वाचू नका. आधी मोठ्याने हसाल, मग गप्प बसाल. शेजारचे काळजीने विचारतील, 'काय झालं?'

आणि हो, २५ मेला लोकलमध्ये कुणाच्या खांद्यावर टॉवेल दिसला, तर त्याला घाम येतोय असं समजू नका. ओळखीचं हसा. जमलं तर कटिंग पाजा.